नवी जोडी पुढं

“दादा, ह्या गाडीत मागं माणसं बसवायची असतात का पिशव्या?”

हा प्रश्न माझा नाही. निखत आणि प्रांजल या माझ्या अकरावीच्या वर्गातल्या मैत्रिणी. त्यांनी तो मला वडापावच्या पैजेवर दिला होता. चार माणसांत विचारायचा आणि विचारताना हसायचं नाही, एवढीच अट. मागच्या वर्षीची तेजश्री असती तर तिनं स्वतःच वडापाव विकत घेऊन खाल्ला असता आणि गप्प बसली असती. पण यंदा मी शाळेच्या कबड्डी टीममध्ये रेडर झाले. दुसऱ्यांच्या अंगणात घुसायचं, सगळ्या जणी अंगावर येत असताना तोंड बंद पडू द्यायचं नाही, हे एकदा जमलं की घरच्या माणसांची भीती वाटत नाही. निदान मला तरी तसं वाटायला लागलं होतं.

तर प्रश्न मी विचारला यवतला, हायवेच्या कडेला, अक्रमभाईच्या टायरच्या दुकानात. समोर माझे वडील म्हणजे आप्पा, माझा मोठा भाऊ सत्यजीत, स्वतः अक्रमभाई आणि पंक्चर काढायला आलेला एक पिकअपवाला. चार माणसं झाली. आई धरली नव्हती, ती आमच्याच बाजूची.

पिकअपवाला फिसकन हसला. दादा हसला नाही. गाडीच्या टपावर हात फिरवत तो म्हणाला, “पिशव्या बऱ्या. पिशव्या बोलत न्हाईत.”

मग मात्र सगळेच हसले, आणि आप्पा सगळ्यात मोठ्यानं. वडापाव मी जिंकले, पण दुकानातल्या टाळ्या दादानं नेल्या.

गाडीबद्दल सांगायलाच पाहिजे. लाल, दोन दारांची, जमिनीला चिकटलेली स्पोर्ट्स कार. दादानं ती पुण्यातल्या एका बिल्डरच्या पोराकडून जुनी घेतली. आमच्या मांडवगण फराट्यात असली दुसरी नाही, आणि आप्पांचं नाव हौसराव, त्यामुळे त्यांनी नको म्हणायचा प्रश्नच नव्हता. पुढं दोन सीट ऐसपैस. मागं दोन सीट नावापुरत्या. मागं जायचं तर पुढची सीट वाकवायची, आधी डोकं घालायचं आणि मग पाय ओढून घ्यायचे. मागं दार नाही, काच खाली होत नाही. आई तिथं तिरकी बसते. गुडघे एका अंगाला, मांडीवर डबा, तोंडात लवंग, उलटी होऊ नये म्हणून. गावात शिरताना स्पीडब्रेकर आला की गाडीचं पोट घासतं. मग दादा गाडी थांबवतो, आप्पा उतरून सीट वाकवतात, आम्ही दोघी बाहेर येतो, गाडी हलकी होऊन ब्रेकर ओलांडते आणि आम्ही चालत पलीकडं जाऊन परत आत शिरतो. लोक ओट्यावर बसून हा कार्यक्रम बघतात. आप्पा उतरतात ते फक्त सीट वाकवायला, लगेच परत बसतात. त्यांचं वजन बहुतेक गाडीला लागत नाही.

आता टायर. दादा गाडी चालवतो कमी आणि जाळतो जास्त. कुणाचा वाढदिवस असला की फ्लेक्सपुढं गाडी नेऊन उभी करायची आणि ब्रेक धरून पाय दाबायचा. मागची चाकं जागच्या जागी गरगरतात, रबराचा पांढरा धूर निघतो, पोरं मोबाईल वर धरतात. असे दोन-चार जण वर्षानं मोठे झाले आणि आमचे मागचे टायर गोटा झाले. नक्षीचं नाव नाही, तुळतुळीत डोक्यावरून फिरवल्यासारखा हात फिरायचा. पुढचेही झिजले होते, पण त्यांच्यावर निदान रेघा दिसत होत्या.

अक्रमभाईनं खाली वाकून चारी चाकांना बोट लावलं. “चारी टाका आप्पा. चारी गेलेत.”

“तुला काय, तू आठ टाकायला सांगशील,” आप्पा म्हणाले. “जुन्यावरच नवा पट्टा चढवून रिमोल्ड होतंय का बघ.”

“रिमोल्ड ट्रॅक्टरला. ही गाडी पळती किती. रस्त्यातच पट्टा सुटून जाईल.”

“मग दोन टाक. दोनच्या वर न्हाई.”

अक्रमभाईला चार विकायचे होते, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण गिऱ्हाईक आप्पा, म्हणून त्यानं मान हलवली आणि जॅक गाडीच्या मागच्या बाजूला सरकवला.

“तिकडं कुठं?” दादा म्हणाला.

“दोनच टाकायचे म्हणल्यावर नवी जोडी मागं जाती. मागचं चाक सटाकलं की गाडी गर्रकन फिरती. मग स्टेरिंग धरून बसायचं फकस्त.”

“मागं नवे टाकून जाळू का मी? पुढच्या महिन्यात आमच्या ग्रुपातल्या ज्ञानेशचा बर्थडे हाय. त्याला शब्द दिलाय.”

“तू न्हाई जाळलेस तर ज्ञानेशचं वय वाढायचं थांबंल का?” मी विचारलं. हा प्रश्न माझा स्वतःचा होता, पैजेशिवायचा.

“तू गप. तुला मागं बसायचंय.”

“म्हणूनच बोलतेय ना. मागं मी बसते, आई बसते.”

आप्पांनी हात वर केला. गावच्या सोसायटीत ते बरीच वर्षं संचालक आहेत. दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायचं आणि मग जे आधीच ठरलेलं असतं ते सांगायचं, ही त्यांची न्याय करायची पद्धत.

“नवी जोडी पुढं टाक,” ते म्हणाले. “पुढं आम्ही बसतो.”

अक्रमभाईला कळलंच नाही. “म्हंजी?”

“म्हंजी काय म्हंजी. पुढं मी बसतो, सत्यजीत बसतो. कर्ती माणसं पुढं. मग चांगला टायर कुणाखाली पाहिजे? मागं काय, बायका हायेत.”

अक्रमभाई इतका हसला की त्याला हातातला पाना खाली ठेवावा लागला. “एवढी वर्षं धंदा करतोय आप्पा, पण हे गणित पहिल्यांदाच ऐकलं.” आणि हसता हसता त्यानं जॅक पुढं ओढला. गाडी आमची, टायर आमचे, बसणाऱ्या बायकाही आमच्याच. त्याचं काय जात होतं.

मी आईकडं बघितलं. ती स्टुलावर बसली होती, भाच्याच्या साखरपुड्यासाठी घेतलेली साडी पिशवीत घालून मांडीवर धरून. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. बोललीही.

“टाकू दे गं पुढं. त्यांना लांबलांब जावं लागतं.”

“मग ते लांब जातात तवा मागचं अर्धं घरी ठेवून जातात का? गाडी एकच हाय, आई.”

“लई बोलायला लागलीस,” आई म्हणाली.

पिकअपवाल्याचं पंक्चर केव्हाच काढून झालं होतं. तरी तो थांबला होता.

त्या संध्याकाळी मी दोघींना सगळी हकिगत पाठवली. प्रांजलनं हसणारी तोंडं पाठवली, ओळभर. निखतचा अक्रमभाई मावसभाऊ लागतो, त्यामुळे तिच्याकडं माझ्याआधीच बातमी पोचली होती. तिनं लिहिलं, घरात सगळे हसून हसून लोळतायत. मग थोड्या वेळानं लिहिलं, पण तेजू, खरंच मागं टाकायचे असतात, भाई म्हणाला, तू मागं बसू नको. त्यावर प्रांजलनं लिहिलं, मग ती काय टपावर बसंल? मीही हसणारं तोंड पाठवलं. निखतनं नाही पाठवलं.

साखरपुडा माझ्या मामाच्या मुलाचा, इंद्रजीतचा, दौंडला. थंडीचे दिवस होते आणि कारखाने जोरात चालू होते. आमच्याकडून वडगाव रासाईकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्या दिवसांत डांबर कमी आणि ऊस जास्त असतो. भरलेल्या ट्रॉल्या वावरातून वर येतात तेव्हा चाकांबरोबर चिखल आणतात. तो रस्त्यावर पसरतो, वर पाचट पडतं. त्या सकाळी कुणाचा तरी पाट फुटला होता आणि वळणावरून पाणी वाहत होतं.

उशीर झाला होता. उशीर आमच्यामुळेच झाला, असं दादाचं म्हणणं, कारण आईला साडी नेसून मागं शिरायला वेळ लागला आणि ब्रेकरवर ती नेहमीपेक्षा हळू चालली. तो वेग वाढवत होता. आप्पांनी पुढच्या काचेवर लावलेली फुलांची माळ नीट केली, सीटवर मागं रेलले आणि म्हणाले, “बघ, कशी रस्त्याला चिकटून चाललीय. नवं ते नवं.”

वळण आलं. आधी मला वाटलं आई माझ्या अंगावर रेलली. मग कळलं की आई नाही, आख्खी गाडीच रेलतेय. पुढचा भाग रस्ता धरून शहाण्यासारखा वळला होता. आम्ही दोघी बसलेला भाग वळलाच नाही, तो सरळ निघाला. काचेतून ऊस गेला, मग रस्ता गेला, मग परत तोच ऊस आला. दादा स्टेरिंग फिरवत होता, इकडं आणि तिकडं, खेळण्यातल्या गाडीसारखं. आईचा हात माझ्या मानेमागून आला आणि तिनं माझं डोकं स्वतःकडं ओढून घेतलं. मग रस्त्याखालच्या मोरीचा कठडा माझ्या बाजूनं आत आला.

कट्, असा आवाज झाला. मला वाटलं काच फुटली. बघितलं तर काच शाबूत होती.

गाडी थांबली. पुढची दोन्ही दारं एकदम उघडली. आप्पा एका बाजूनं उतरले, दादा दुसऱ्या बाजूनं. दोघं धावत मागं आले आणि मला बरं वाटलं. मागच्या काचेतून मला त्यांची तोंडं दिसली. मग ती खाली गेली. दोघंही उकिडवे बसले होते.

“बंपर गेला की रं,” आप्पांचा आवाज आला.

“बंपरचं काय न्हाई आप्पा, हा पत्रा बघा. हा कुठं मिळायचाय आता.”

आम्ही आत होतो. दोन्ही दारं सताड उघडी, पण पुढची सीट उभी. ती वाकवल्याशिवाय आम्हांला बाहेर येता येत नाही, हे त्या दोघांइतकं कुणालाच माहीत नव्हतं, रोज तेच वाकवतात.

“दादा, सीट वाकव.”

“थांब जरा.” तो मोबाईलवर पत्र्याचे फोटो काढत होता.

“बघू दे त्यांना,” आई म्हणाली. “मला काय न्हाई झालं.” तेव्हा मी तिच्या डाव्या हाताकडं बघितलं. मनगट आणि कोपर यांच्यामध्ये तिला आणखी एक कोपर फुटला होता. हिरव्या बांगड्यांचे तुकडे माझ्या केसांत होते. तो हात जिथं होता तिथं, त्याच्या आधी, माझं कानशील होतं.

सीटच्या खटक्यापर्यंत माझा हात पोचेना, म्हणून मी पाठ टेकून दोन्ही पायांनी सीटवर लाथा घातल्या. तिसऱ्या की चौथ्या लाथेला काहीतरी तुटलं आणि सीट पुढं पडली. मी बाहेर आले आणि आईला चांगल्या हाताला धरून ओढलं. ती बाहेर येताना एकदाच ओरडली, ते ऐकून आप्पांनी वर बघितलं.

“अगं, हाताला काय करून घेतलंस?” ते म्हणाले.

आणि दादा म्हणाला, “सीट तोडली का गं तू?”

एका जीपवाल्यानं आम्हांला दौंडला दवाखान्यात नेलं. दादा क्रेन येईपर्यंत गाडीपाशी थांबला. आईच्या हाताला प्लास्टर घालेपर्यंत आप्पा बाहेर बाकड्यावर बसून होते, हे खोटं नाही सांगणार. फोनवर होते, पण होते. मग घड्याळ बघून साखरपुड्याला गेले, कारण मामाकडचं कार्य आणि आपल्या घरचं कुणीच नाही हे बरं दिसत नाही. आई पण त्यांना जा म्हणाली. तिची नवी साडी कापावी लागली नाही, ब्लाऊजची बाहीच कापली, याचा तिला आनंद झाला होता.

त्यानंतर आमच्या घरी बघायला येणाऱ्यांची रांग लागली. येणारा आधी अंगणातल्या रिकाम्या जागेकडं बघायचा, जिथं गाडी उभी असायची. मग आईकडं. आप्पा प्रत्येकाला तीच गोष्ट सांगायचे, आणि दर वेळी ती थोडी चांगली व्हायची.

“पुढचे टायर नवे होते म्हणून वाचलो. मागच्यासारखे गोटे पुढं असते तर आज आम्ही चौघं फोटोत असतो.”

माणसं माना हलवायची. कुणी म्हणायचं, देवाचीच बुद्धी. कुणी म्हणायचं, आप्पांना आधीच सुचलं बघा.

“गाडी मागनं सटाकली, आप्पा,” मी एकदा सगळ्यांदेखत म्हणाले.

“सटाकली मागनं. पण थांबली कुणामुळं? पुढच्यांमुळं.”

“थांबली मोरीमुळं.”

“हिला शाळेत घालून चूक झाली का काय,” आप्पा पाहुण्यांना म्हणाले, आणि पाहुणे हसले. आमच्या घरात येणारे पाहुणे फार पटकन हसतात.

सारजाआत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण. ती आली तेव्हा तिनं आईचा प्लास्टरचा हात आपल्या मांडीवर घेतला. मला वाटलं, माया करतेय. ती मनगटापाशी शोधत होती.

“बांगड्या कुठायत?”

“फुटल्या वन्सं. राहिलेल्या दवाखान्यात कापल्या.”

“आन् तवापासून हात मोकळाच? अगं, नवऱ्याचा जीव जाता जाता वाचलाय आन् तू भुंडा हात घेऊन बसलीस?”

आई कावरीबावरी झाली. आत्यानं माझ्याकडून हिरवी बांगडी मागून घेतली. ती प्लास्टरवरून जाईना, म्हणून बांगडीला दोरा बांधून प्लास्टरला गाठ मारली, आईच्या नवऱ्याच्या जिवासाठी. ती बांगडी दिवसभर प्लास्टरवर टकटक वाजायची. आप्पांच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

आईचा हात बांधलेला, म्हणून भाकरी मी करायला लागले. माझ्या भाकरी कुठं जाड, कुठं फाटलेल्या. आप्पा पहिला घास मोडून आईला विचारायचे, “हात कवा सुटतोय गं तुझा? हे काय गिळवंना.” आई अपराध्यासारखी हसायची आणि उजव्या हातानं त्यांना कालवण वाढायची.

अशाच एका जेवणाच्या वेळी अक्रमभाईचा फोन आला. गाडी यवतलाच गॅरेजमध्ये होती, पत्रा ठोकून झाला होता. दादानं फोन स्पीकरवर टाकला.

“आप्पा, मागचा एक टायर कठड्याला लागून फाटलाय. दुसऱ्यात काय राह्यलेलं न्हाई. आता तरी मागं चांगली जोडी टाका.”

“बघतो,” आप्पा म्हणाले आणि फोन ठेवायला लावला.

मी भाकरी तव्यावर तशीच ठेवून उठले. “नवी जोडी मागं टाका. न्हाईतर चारी एकदम नवे टाका, वादच नको.”

“चार कशाला? पुढचे नवेच हायेत की.”

“मग दोन. मागं.”

“मागं, मागं, मागं,” दादा म्हणाला. “तुला दुसरं सुचत न्हाई का? आप्पा, अक्रमकडं पुण्यातल्या एका गाडीची उतरलेली जोडी पडलीय. मी बघून आलोय. चालती.”

“गोटा?” मी विचारलं.

“गोटा न्हाई. अर्धी नक्षी हाय.”

“आन् ती अर्धी तू ज्ञानेशच्या बर्थडेला जाळणार.”

दादा ताटात बघत म्हणाला, “ज्ञानेशनं बर्थडे पुढं ढकललाय. गाडी येईपातूर.”

मी आईकडं वळले. आता तरी तू सांग, असं तोंडानं म्हणायची गरज नव्हती. प्लास्टरच तिथं ताटापाशी होतं, बांगडीसकट.

आईनं आप्पांच्या ताटात मीठ वाढलं. “उतरलेले तर उतरलेले,” ती म्हणाली. “मला काय कळतंय, मी कशावर बसलेय ते.”

“झालं?” आप्पा मला म्हणाले. “तव्यावरची भाकर बघ.”

भाकरी जळली होती. तीच मी आप्पांच्या ताटात टाकली. त्यांनी ती आईच्या ताटात ठेवली, आणि आईनं खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी आईची वेणी घालत होते, कारण तेही तिला एका हातानं जमत नव्हतं. तेव्हा विचारलं, “त्या दिवशी तू माझं डोकं का धरलंस?”

“मग काय पिशवी धरू? पिशवीत आहेराची साडी होती. साडी कुठं फुटती?”

“आई, नीट सांग. परत तसं झालं तर?”

“परत धरीन.”

“परत हात मोडंल.”

“दोन हायेत की,” आई म्हणाली. आणि हसली. खरंच, मनापासून हसली, जसा काही मोठा विनोद केलाय. मी तिची वेणी जरा जास्तच ओढली. ती आई गं म्हणाली, मी सॉरी म्हणाले नाही.

निखतला मी ते सांगितलं. ती शाळेच्या पायऱ्यांवर माझ्याशेजारी बसली होती. प्रांजल म्हणाली, “काकू भारी हायेत.” निखतनं डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, “तू शेजारी असलीस की त्या धरणारच. म्हंजी त्यांचा हात तुझ्यामुळं मोडला.”

“माझ्यामुळं?”

“टायरमुळं मोडला. पण तुझ्या डोक्यावर मोडला.”

मला तिचा राग आला. इतका, की दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही, तिच्याबरोबर डबा खाल्ला नाही. मग राग गेला आणि वाक्य राहिलं.

इंद्रजीतचं लग्न दौंडलाच होतं. तोपर्यंत आईचं प्लास्टर निघालं. हात बारीक झाला होता, उन्हात न पडलेल्या फांदीसारखा फिकट. त्या हातात तिनं मनगटभर नव्या हिरव्या बांगड्या घातल्या. गाडी आदल्या दिवशीच आली होती. ठोकलेल्या पत्र्यावरचा लाल रंग बाकीच्या लालपेक्षा जरा वेगळा दिसत होता आणि दादा त्यावरून सारखा कापड फिरवत होता. मी वाकून मागचे टायर बघितले. अर्धी नक्षी म्हणाला होता. अर्धीसुद्धा नव्हती. पुढची जोडी काळीभोर, कडांवर अजून रबराचे केस होते.

दादा आत बसून गाडी चालू करून तयार होता. आप्पा फेटा बांधून आले. त्यांनी दार उघडलं, सीट वाकवली आणि आमच्याकडं बघून हातानं चला अशी खूण केली. आईनं पदर खोचला, लवंग तोंडात टाकली, वाकली आणि एक पाय आत घातला.

मी पिशवी खांद्याला लावली आणि तिथंच उभी राहिले.

“आप्पा, आई. मी काय ठरवलंय ते ऐका.”

“गाडीत सांग,” आप्पा म्हणाले. “मुहूर्त गाठायचाय.”

“गाडीत बसायचं न्हाई, हेच ठरवलंय. मी एसटीनं येते. ह्या गाडीत मागं मी परत बसणार न्हाई. आता चारी टायर नवे टाकलेत तरी न्हाई.”

“मग घरी बस,” आप्पा म्हणाले. “लग्नात तुझ्यावाचून कुणाचं अडत न्हाई.”

“मी लग्नाला येणार. एसटीनं.”

आई तशीच वाकलेली, एक पाय आत, एक बाहेर. तिनं मान वळवून आधी आप्पांकडं बघितलं, मग माझ्याकडं. “तेजू, मी मागं एकटीच बसू?”

ती बाहेरचा पाय आत घेत होती. आप्पांनी सीटवर हात ठेवला होता, ती आत गेली की सीट उभी करायला.

“व्हय, एकटीच बस,” मी म्हणाले. “दुसरा हात मोडायचा असंल तर मोडून घे. पण माझ्या डोक्यासाठी मोडू देणार न्हाई.”